फर्स्ट क्रॅक किती अंशांवर? घरच्या रोस्टरच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, पुणे

घरी कॉफी भाजायचं यंत्र, म्हणजे रोस्टर, बनवतेय. भोसरीच्या फॅब्रिकेटरकडून त्याचा ड्रम आला. ३०४ स्टील, २ मि.मी.चा सलग पत्रा, आतला व्यास १५० मि.मी., लांबी २०० मि.मी. आत दोन तिरक्या पट्ट्या वेल्ड केल्यात, दाणे पुढे-मागे सरकत राहावेत म्हणून. पुढची प्लेट स्थिर: वर कॉफी ओतायचं नरसाळं, मधे नमुना काढायचं भोक, खाली दार. मागे १२ व्होल्टची गिअर मोटर. एका वेळी २५० ग्रॅम हिरवी कॉफी धरून सगळी मापं काढली आहेत.

वेग आधी कागदावर काढला. ड्रमचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा आणि ४२.३ ला त्याच्या वर्गमुळाने भागायचं. माझ्या ड्रमला मिनिटाला १०९ फेरे येतात. त्या वेगाला दाणे भिंतीला चिकटूनच फिरतील, सुटून पडणारच नाहीत. फार हळू फिरवला तर तळाशी घसरत राहतील आणि एका बाजूने करपतील. ६० वर ठेवलाय. नरसाळ्यातून टॉर्च मारून पाहिलं: दाणे अर्ध्याहून जास्त उंची चढतात आणि तिथून सुटतात. हेच हवं होतं.

भाजायची ती कागदी फिल्टरच्या काळ्या कॉफीसाठी, म्हणजे हलका ते मध्यम रोस्ट. घरात पितळी फिल्टरची दूध घातलेली कॉफीही होते. तिचा विचार नंतर.

या सगळ्या खटाटोपामागे एक प्रश्न आहे. फर्स्ट क्रॅक, म्हणजे भाजताना दाणे पहिल्यांदा तडकतात तो क्षण, एकीकडे १९६ अंशांना (सेल्सिअस) होतो असं वाचायला मिळतं, दुसरीकडे १९०, तिसरीकडे २०५. पंधरा अंश म्हणजे हलक्या आणि मध्यम रोस्टमधलं जवळपास सगळं अंतर. दाणा कॉफीचाच, तडकायचं कारणही तेच, मग आकडे असे का पांगतात? माझी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे, त्यामुळे हा प्रश्न बाजूला ठेवून नुसती कॉफी भाजणं मला जमणार नाही.

२२ फेब्रुवारी

मोजून केलेला पहिला रोस्ट. कॉफी चिकमगळूरची, प्लांटेशन ए, वाण एस. ७९५. हा वाण केंट आणि एस. २८८ यांच्या संकरातून बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झाला, १९४० च्या दशकात मळ्यांमध्ये गेला आणि आजही तिकडच्या अरेबिकात त्याचा मोठा वाटा आहे. आपल्या प्रतवारीत गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला प्लांटेशन म्हणतात. फळासकट वाळवलेली ती चेरी. ए म्हणजे ६.६५ मि.मी.च्या भोकांच्या, १७ नंबरच्या चाळणीवर राहणारा दाणा.

परातीत पसरून निवडली. काळे दाणे, फुटके दाणे, आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेले, म्हणजे बेरी बोरर किडीने पोखरलेले. हातात असताना हिरवा दाणा नीट बघून घ्यावा. मधल्या चिरेत रुपेरी साल अडकलेली असते, तीच पुढे फोलपट होऊन उडते.

प्रोब, म्हणजे दाण्यांत राहून तापमान मोजणारी दांडी: के टाइप थर्मोकपल, ६ मि.मी. जाडीचा, कारण घरात तोच होता. त्याचा आकडा वाचणारं मॅक्स ६६७५ मॉड्यूल, तो लॅपटॉपला पोचवणारा आर्डुइनो बोर्ड, लॅपटॉपवर आर्टिझन. ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आलेख अप्रतिम काढतं.

चार्ज, म्हणजे तापलेल्या ड्रममध्ये कॉफी ओतणं, १८० ला. कॉफी पडताच आकडा धडाधड खाली आला आणि १ मिनिट ५५ सेकंदांनी १०१ वर वळला. हा टर्निंग पॉइंट. या दोन मिनिटांत दाणे थंड होत नव्हते. ते गच्चीच्या २८ अंशांवरून निघून सतत तापतच होते. थंड होत होता तो प्रोब, कारण त्याच्याभोवती अचानक पाव किलो गार कॉफी येऊन पडली होती. आलेखाच्या या तुकड्याला दाण्याचं तापमान म्हणणं चूकच आहे, आणि इथूनच माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला लागेल असं वाटतंय.

पिवळेपणा ५:१० ला, आकडा १४३. वास आधी वाळक्या गवताचा, मग भाकरी खरपूस व्हायला लागते तेव्हाचा. फर्स्ट क्रॅक ८:५० ला, १८६ वर. लोखंडी कढईत ज्वारीच्या लाह्या फुटायला लागतात तसा आवाज: आधी एक, मग दोन, मग एकदम गर्दी. १०:२० ला १९५ वर काढली. २५० ग्रॅमचे २१८.५ झाले, म्हणजे घट १२.६ टक्के.

२ मार्च

आठवडाभर मुरल्यावर कपिंग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने चव तपासणं. १५० मिलीला ८.२५ ग्रॅम, पाणी ९३ च्या आसपास, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडला. गूळ, संत्र्याची साल, मागे किंचित मसाल्याचा वास. पण घोट संपताना कच्च्या शेंगदाण्याची चव राहते. बाहेरून रंग आला, आतला गाभा थोडा मागे राहिला. दळल्यावरचा रंग अख्ख्या दाण्याच्या रंगापेक्षा फिका दिसतोय, तोही हेच सांगतो.

मुरवण्याबद्दल: भाजल्यावर दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस निघत राहतो. दुसऱ्या दिवशी याच कॉफीवर पाणी ओतलं तर फेसच फेस आला आणि चव धूसर लागली. हलक्या रोस्टला घाई करू नये.

९ मार्च

पुढच्या प्लेटला दुसरं भोक पाडून ३ मि.मी.चा प्रोब आधीच्या प्रोबला खेटून, तेवढ्याच खोलीवर बसवला. एकच रोस्ट, दोन आकडे.

टर्निंग पॉइंट: जाड प्रोब १:५५ ला १०१, बारीक प्रोब १:२० ला ९२.
पिवळेपणा: जाड १४२, बारीक १५१.
फर्स्ट क्रॅक: जाड १८६, बारीक १९४.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तोच ड्रम, तेच दाणे, तोच क्षण, आणि दोन प्रोबमध्ये आठ-नऊ अंशांचा फरक. तोही सगळीकडे सारखा नाही, आणि तीच महत्त्वाची खूण आहे. जाड प्रोबला स्वतःचं स्टील तापवायला वेळ लागतो, म्हणून तो मागे रेंगाळतो. किती रेंगाळतो ते तापमान किती वेगाने वाढतंय यावर ठरतं. फर्स्ट क्रॅकला वाढ मिनिटाला १० अंशांची होती. प्रोब अर्धा मिनिट मागे असेल तर पाच अंश कमी दाखवेल. पिवळेपणाला वाढ १४ ची, म्हणजे सात अंश कमी. उरलेले दोन-तीन अंश जाड दांडीतून बाहेरच्या गार प्लेटकडे वाहून जातात. बारीक दांडीतूनही जातात, पण कमी.

म्हणजे एखादा १९० म्हणतो तेव्हा त्याचा प्रोब किती जाड आणि कॉफीत किती खोल, हे कळल्याशिवाय तो आकडा माझ्या कामाचा नाही. जाड प्रोब काढून टाकला. १.५ मि.मी.चाही मिळतो, पण फिरत्या दाण्यांच्या माऱ्यात तो वाकेल. ३ वरच थांबते.

१६ मार्च

आता हा ३ मि.मी.चा प्रोब तरी खरं बोलतो का? तीन ठिकाणी तपासला.

बर्फ: कुटलेला बर्फ थर्मासमध्ये गच्च भरून फटी भरतील एवढंच पाणी. आकडा ०.७५.

उकळतं पाणी: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. १०० धरून बसलं तर पहिल्याच पायरीला दोन अंशांचा घोळ. आकडा ९८.७५.

पण माझं खरं काम १९० ते २२५ च्या पट्ट्यात चालतं आणि तिथे बर्फ-पाणी पुरत नाही. त्यासाठी कथील. शुद्ध कथील २३१.९ अंशांना वितळतं आणि गोठताना त्याच तापमानावर थांबून राहतं. सोल्डरची ६३:३७ ची तार १८३ ला वितळते, ती क्रॅकच्या आणखी जवळ पडली असती. पण तिच्यात शिसं असतं, आणि हाच प्रोब उद्या कॉफीत जायचाय. भांड्यांना कल्हई कथलाचीच करतात, त्यामुळे कथलाचं मला भय नाही. तांबट आळीत कथील मिळालं असतं, पण शुद्धतेची खात्री हवी म्हणून ९९.९ टक्क्यांचं मागवलं, १०० ग्रॅम.

२० मि.मी. व्यासाची, एका बाजूने बंद केलेली स्टीलची नळी घेतली. १०० ग्रॅम कथील वितळल्यावर तिच्यात साडेचार सें.मी. उंच उभं राहतं. प्रोब निदान त्याच्या जाडीच्या दहापट, म्हणजे ३ सें.मी. बुडायला हवा, नाहीतर इथेही दांडीतून उष्णता निसटेल. २६० पर्यंत तापवलं, गॅस बंद केला, प्रोब बुडवून बघत बसले. २५०, २४०, २३५. मग २३० खाली गेलं, २२८, २२६, आणि कथील अजून पातळच. एकाएकी आकडा उसळून २३३.२५ वर आला आणि तिथे खिळून राहिला. द्रव गोठणबिंदूच्या खाली घसरतो, पहिला स्फटिक धरला की साठलेली उष्णता बाहेर टाकतो आणि पुन्हा आपल्या खऱ्या तापमानावर येतो. कथलात हे फार छान दिसतं. कॉलेजात पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष बघायला इतकी वर्षं लागली. (प्रोब अडकतो. नळी पुन्हा तापवून काढला.)

चूक सगळीकडे दीड अंशाच्या आत. के टाइपला ±२.२ अंशांची सूट प्रमाणाप्रमाणेच असते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. थर्मोकपल चांगलं आहे. तरीही फर्स्ट क्रॅक माझ्याकडे १९४ आणि दुसऱ्याकडे २०२ दिसणार, कारण प्रोब दाण्याच्या आत कधीच नसतो. तो दाणे आणि दाण्यांमधली गरम हवा यांच्या मधला एक आकडा देतो. किती दाणे आणि किती हवा, ते त्या-त्या ड्रमवर अवलंबून.

एक सावधगिरी. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक मोजतं. दुसरं टोक मॉड्यूलवर असतं आणि त्याचं तापमान चिप स्वतः मोजून मिळवते. मॉड्यूल बर्नरशेजारी तापलं, किंवा प्रोबची तार साध्या तांब्याच्या वायरने वाढवली, तर आकडा गुपचूप सरकतो. मॉड्यूल कठड्यावर सावलीत ठेवलंय, वाढीव तार के टाइपचीच.

३० मार्च

पाडवा. सकाळ गुढी आणि श्रीखंडात गेली, संध्याकाळी गच्चीवर.

तापमान बघते, पण आच मोजत नाही, हे पटत नव्हतं. गॅसच्या मिस्त्रीकडून लाइनला एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घेतला, साबणाच्या पाण्याने गळती तपासली, आणि टीला इंग्रजी यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी जोडली. आत निळीचं पाणी, शेजारी पट्टी. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३०० मि.मी. पाण्याचा दाब देतो. दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर वाचायचं. आता ‘गॅस मध्यम’ असं मोघम लिहायची गरज नाही. सुरुवातीला २२०, पिवळेपणाला १४०, क्रॅकआधी ७०. दाब निम्मा केला की आच निम्मी होत नाही, साधारण ७१ टक्क्यांवर येते, कारण वायूचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. हे ठाऊक नसेल तर गॅस कमी करूनही तापमान का चढतंय ते कळत नाही.

क्रॅकच्या वेळी दाण्यांतून वाफ सुटते, वाढीचा वेग एकदम बसतो आणि मिनिटाभरात परत उसळतो. बसलेला वेग बघून गॅस वाढवला तर उसळी आणखी मोठी येते आणि कपात सपाट, भाजकट चव उतरते. क्रॅकच्या पाऊण मिनिट आधीच गॅस ७० वर आणला, मग हात लावला नाही. वेग १० वरून ८, ८ वरून ६ असा शांतपणे उतरला.

या रोस्टचे आकडे पुढच्या सगळ्याचा पाया: चार्ज १८०, वळण १:२० ला ९२, पिवळेपणा ४:४० ला १५०, क्रॅक ८:२० ला १९४, बाहेर ९:५० ला २०४. घट १२.२ टक्के. आधीपेक्षा घट कमी, पण नंतरच्या कपात कच्चा शेंगदाणा नाही. लवकर जास्त आच दिल्याने गाभा बाहेरच्या बरोबरीने आला.

१९ एप्रिल

खालच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या आहेत. काल वर येऊन म्हणाल्या, “अगं, तुझ्या कॉफीची सालं माझ्या कुरडयांवर येऊन बसतायत. काय करायचं सांग.” त्यांचं म्हणणं रास्त आहे. तेलाचा रिकामा डबा, बाजूने आत येणारी नळी, वरून बाहेर जाणारी, मागे छोटा ब्लोअर. हवा डब्यात गोल फिरते, फोलपटं तळाशी बसतात. आज एकही उडालं नाही. काकूंना पुढच्या रोस्टची पुडी देणार आहे.

मुख्य काम: १५० ग्रॅम भाजून पाहिली. क्रॅक २०१ वर! तोच दाणा, २५० ग्रॅमला १९४. ड्रम गार झाल्यावर १५० ग्रॅम घालून टॉर्चने पाहिलं. ढीग लहान, प्रोबचं टोक दर फेरीला उघडं पडतं आणि गरम हवा चाटतं. सात अंश तिथून आले. थोडीच कॉफी आहे म्हणून कमी भाजायची आणि आधीच्या आकड्यावर काढायची, तर ती कच्ची निघेल. वहीत १५० ग्रॅमचा वेगळा रकाना केला. दोन्ही एकत्र करायचे नाहीत.

११ मे

गच्चीवर ३९ अंश. तोच चार्ज, तोच गॅस, वळण ९७ ला आणि क्रॅक ७:३० लाच. पण आकडा? १९४. वेळ पन्नास सेकंदांनी सरकली आणि क्रॅकचा आकडा जागचा हलला नाही. या प्रोबच्या या जागेवर माझा आता विश्वास बसलाय. चार्ज १७२ वर आणला की वेळही जवळपास जागेवर येते.

लागोपाठचा दुसरा रोस्ट मात्र सुसाट सुटतो. प्रोब हवेत १८० दाखवतो तेव्हा ड्रमचा पत्रा आत किती तापलाय ते त्यावरून कळत नाही, आणि पत्र्यात उष्णता भरपूर साठते. इन्फ्रारेड गनने बघायला गेले तर चकचकीत स्टीलवर आकडा हास्यास्पद कमी येतो, कारण असं स्टील स्वतः फार कमी किरण सोडतं आणि समोरचंच परावर्तित करतं. पुढच्या प्लेटवर रुपयाएवढा ठिपका उष्णतारोधक काळ्या रंगाने रंगवला, गन तिथेच धरायची. काचेच्या झरोक्यातून दाण्यांवर धरून उपयोग नाही. साध्या काचेतून ते किरण पार जात नाहीत, आकडा काचेचाच मिळतो. दोन रोस्टच्या मधे ठिपका ठरलेल्या आकड्यावर उतरेपर्यंत थांबायचं.

१ जून

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. क्रॅकच्या ऐन गर्दीत लाईट गेली. मोटर थांबली की अर्ध्या मिनिटात तळचे दाणे जळतात. गॅस बंद, दार उघडलं, सगळी कॉफी चाळणीत. मोटर आता १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मेन्स फक्त चार्जिंगला.

१३ जुलै

घट अचानक १४ टक्के! क्रॅक १९४, बाहेर २०४, वेळ तीच, आणि रंगही जुन्या नमुन्याशेजारी ट्यूबलाइटखाली ठेवून पाहिला, तोच. मग दोन टक्के गेले कुठे?

ते आलेच होते हवेतून. पुण्याच्या या दमट हवेत हिरवी कॉफी पाणी ओढते. उघड्या ताटलीत १०० ग्रॅम ठेवली होती, ती झाली १०२.३. हिशोब मांडला: आधी ओलावा ११ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८९ ग्रॅम कोरडा माल. आता पाणी १३.३, ओलावा १३ टक्के. पूर्वी १०० चे ८७.८ व्हायचे, ती घट १२.२. आता १०२.३ चे तेच ८७.८ होतात, म्हणजे घट १४.२. जास्तीचं सगळं पाणी. दाण्यातलं वेगळं काही जळालेलं नाही. घटीवरून रोस्ट ओळखायचा तर आधी हिरव्या कॉफीचा ओलावा माहीत हवा, आणि पावसाळ्यात तो दर आठवड्याला बदलतो. उन्हाळ्यातल्या १२ आणि जुलैतल्या १४ मध्ये कॉफी गडद झालेली नसते. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ओलावा १२.५ च्या वर गेला की बुरशीची भीती. उरलेली सगळी कॉफी हवाबंद पिशव्यांत आणि त्या कोठीत. पोत्यात ठेवायची नाही.

१० ऑगस्ट

मॉन्सून्ड मलबार. मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामांत पसरून, खारा दमट वारा लागू देऊन ही कॉफी मुद्दाम फुगवतात. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने युरोपला जाताना कॉफीचं जे होत असे, तेच इथे जमिनीवर घडवून आणतात. दाणा फिकट पिवळा, टम्म, हलका. पाव लिटरच्या मापात एस. ७९५ भरते १७८ ग्रॅम, ही फक्त १४६.

दाणा सैल म्हणून चार्ज १६०, नाहीतर टोकं करपतात. हिची अडचण अशी की क्रॅक ऐकूच येत नाही. ब्लोअरच्या आवाजात एखादा टक, मग शांतता. कानावर विसंबलं तर खूण निसटेल. दोन गोष्टींवर भर दिला: वाढीचा वेग कुठे बसतो, आणि नमुना काढायच्या भोकातून येणाऱ्या वाफेचा वास कधी पावाकडून आंबटसर तिखटाकडे वळतो. दोन्ही १९० ते १९१ ला जमून आल्या.

कागदी फिल्टरमध्ये ती मला आवडली नाही. फळाचा लवलेश नाही, नुसतं जडपण. पितळी फिल्टरसाठी मात्र सोनं. सेकंड क्रॅक, म्हणजे आणखी गडद भाजताना होणारा दाण्यांचा दुसरा तडतडाट, माझ्या प्रोबवर २२२ ला सुरू होतो, त्याच्या जरा आधी २१९ ला काढली. चिकोरी न घालता डिकॉक्शन पाडलं, सायीचं दूध. सासूबाईंनी पेला अर्धा संपवून मगच मान वर केली. म्हणाल्या, “माटुंग्याला मामांच्या शेजारी मिळायची तशी झालीय गं. पण डिकॉक्शन अजून थोडं दाट काढ.” दळण एक खूण बारीक केलं.

२१ सप्टेंबर

चिखलदऱ्याची कॉफी मिळाली, थोडीच. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या हजारेक मीटर उंचीवर. तिची नीट काळजी घेऊन भाजायची म्हणून इतके महिने हात लावला नव्हता.

दाणे लहान-मोठे मिसळलेले. तसेच भाजले तर लहान आधी तडकतील, मोठे मागून, आणि आलेख काहीच सांगणार नाही. चाळणीने दोन भाग केले. १५ नंबरच्या वरचा भाग बरोबर २५० ग्रॅम भरला, म्हणजे पहिलाच रकाना लागू. लहान दाणे १६० ग्रॅम. त्यांना १५० चा रकाना जवळचा.

भाजण्याआधी अंदाज लिहून ठेवला: मोठ्यांचा क्रॅक १९३ ते १९५, लहानांचा २०० च्या आसपास. ओलावा जरा चढा असणार म्हणून सुरुवातीचा गॅस २२० ऐवजी २३०.

मोठे: पहिला टक १९२ ला, गर्दी १९४ ला, बाहेर २०३. क्रॅक रेंगाळत चालला, चाळूनही दाण्यात एकसारखेपणा कमी आहे. लहान: २००, बाहेर २०८. फेब्रुवारीपासून वहीत हेच दोन आकडे मला हवे होते. कॉफी नवी, मळा नवा, तरी अंदाज लागू पडला, आणि तो बाहेरच्या कुठल्याही तक्त्यावरून काढलेला नव्हता.

२८ सप्टेंबर

चिखलदऱ्याचा कप: १५ ग्रॅम, २५० ग्रॅम पाणी, ९५ अंशांचं, तीन मिनिटांत उतरलं. आंबटपणा सौम्य, भाजलेल्या शेंगदाण्याची आणि काकवीची गोडी, शेवट स्वच्छ. चिकमगळूरची कॉफी जास्त उठावदार आहे, यात वाद नाही. पण निवड आणि वाळवण एकसारखं झालं तर या मातीची कॉफी काळी प्यायच्या लायकीची होईल, असं मी ठामपणे म्हणेन. लहान दाण्यांच्या कपात किंचित तुरटपणा आहे. पुढच्या वेळी २०८ ऐवजी २१० ला काढून बघते.

डिसेंबर-जानेवारीत तिथली नवी तोडणी असते. तेव्हा जाऊन वाळवण कसं करतात ते बघायचंय, ओलावा मोजायचं मीटर सोबत घेऊन. तोवर प्रोब काढून साफ करणं आणि बर्फ-पाणी-कथील तपासणी पुन्हा एकदा. तेलाचा थर चढला की तोही प्रोबला जाड करतो.